टेकडीमागची उखळी तोफ

ती. दादास,

साष्टांग नमस्कार (गुडघा जितका वाकू देतो तितका). इकडे सर्व ठीक. तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण वहिनींनी कळवलंच आहे की डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ’ असं सांगितलं, आणि तू घरी येऊन पहिलं काम काय केलंस, तर आपल्या खेळातल्या शिपायांचे चारही डबे दारापाशी आणून ठेवलेस, कोणाला तरी देऊन टाकायला. त्याबद्दल मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. मी फक्त माझी फजिती लिहिणार आहे. (वहिनी, पत्र तुम्हीच वाचून दाखवत असाल. कंसातलं सगळं वाचलंच पाहिजे असं नाही.)

तर गेल्या रविवारी छापखान्याच्या वरच्या खोलीत दातांच्या डॉक्टरांशी माझी लढाई झाली. टेबलावर एक पूल, पलीकडे फळबाग, बागेत त्यांची मशिनगन, आणि अलीकडे माझे तीस शिपाई. आपल्या या बारक्या लढाईत रणगाडे नाहीत, विमानं नाहीत. पायी चालणाऱ्याला आधार काय तो एका उखळी तोफेचा. ती मी रीतसर टेकडीमागे ठेवली. तिथून तोफेवरच्यांना शत्रू दिसत नाही, म्हणून एक टेहळ्या पाण्याच्या टाकीवर चढवला. त्याने दिसेल ते सांगायचं आणि यांनी गोळा उडवायचा, हा तुझाच धडा. आपला चिठ्ठीचा नियमही इथे मीच रुजवला आहे: गोळा कुठे टाकायचा ते आधी लिहून चिठ्ठी काडेपेटीखाली ठेवायची आणि ती उघडायची पुढच्या डावाला, कारण गोळा वर जाऊन खाली यायला वेळ लागतो. (हा नियम केलास तेव्हा तू बारा वर्षांचा आणि मी नऊचा. मी म्हणालो, ‘तोवर ते पळाले तर?’ तू म्हणालास, ‘म्हणूनच तर डोकं लागतं.’)

मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘फळबाग’. आणि मग माझ्या अंगात वीरश्री संचारली. डॉक्टरांची मशिनगन जरा गप्प वाटली, म्हणून अकरा माणसं पुलावरून पळवत नेली आणि थेट बागेत घुसवली. चिठ्ठी साफ विसरलो. पंच म्हणून निवृत्त पोस्टमास्तर असतात. त्यांनी काडेपेटी उचलली, चिठ्ठी उलगडली, चष्मा पुसला आणि विचारलं, “हे अक्षर तुमचंच ना?” आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कोणाला? डॉक्टर हसले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी एकेक शिपाई दोन बोटांत धरून असा अलगद उपटला, की माझी दाढ ठणकली.

घरी येताना सारखं आईचं जेवणाचं टेबल आठवत होतं. खाली पुस्तकं सारून वर हिरवी चादर टाकली की टेकड्या तयार. तोफ म्हणजे बाबांच्या पेनाचं टोपण (बाबा ते पुढे दोन वर्षं शोधत होते आणि आपणही त्यांच्याबरोबर शोधत होतो). कुंपणाआडचं दिसतं की नाही हे बघायला तू हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवायचास आणि एक डोळा मिटून शिपायाच्या उंचीवरून बघायचास. मी तोफेवर. तू सांगशील तिथे मी डोळे झाकून गोळा टाकायचो. “तोफ माणसं मारायला नसते रे,” तू म्हणायचास, “समोरच्याने डोकं खाली घालावं म्हणून असते. तेवढ्यात आपण पूल ओलांडायचा.” आपण कितीदा जिंकलो हे आठवत नाही, समोर आतेभाऊ असायचा आणि तो रडत घरी जायचा, एवढं आठवतं. फार चांगले दिवस होते, दादा. तेव्हा ते कळलं नाही असं सगळे म्हणतात. मला तेव्हाही कळत होतं.

असो. डोळ्यांत औषध वेळेवर घाल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : पुढच्या रविवारी डॉक्टरांनी जोडीचा सामना ठरवला आहे. त्यांच्या बाजूने त्यांची बायको (त्याच दवाखान्यात भूल देते, आणि टेबलावरही माणूस शुद्धीवर येऊ देत नाही). मला जोडीदार हवा. नियम पुन्हा तपासले: तोफेवरच्या माणसाला टेबल दिसलंच पाहिजे असं कुठेही नाही, उलट दिसता कामा नये. तेव्हा या वेळी टेहळणी मी करतो, तोफ तू घे. मी दिसेल ते सांगेन. कुठे आणि कधी टाकायचं ते तू ठरव. मला सगळं दिसतं आणि वेळेवर काही सुचत नाही, तुझं नेमकं उलटं. दोघांत मिळून एक धड गडी होतो. डबे आत घे. साडेनऊला गाडी घेऊन येतो.

ता. क. २ : वहिनी, एवढं मात्र मनातच वाचा. बागेत माझी अकरा नव्हे, तीनच माणसं मेली आणि लढाई शेवटी मीच जिंकलो. तीन महिन्यांत एकदाही हरलेलो नाही. पण हे त्याला कळलं तर तो यायचा नाही. धाकटा मार खातोय म्हटल्यावर मात्र तो आजवर कधी घरात बसून राहिलेला नाही.