घाऱ्या डोळ्यांचे दोन वाटेकरी

प्रिय चिमणे,

तुला आणि भाचीला पोटभर आशीर्वाद. फोटो दुकानात लावलाय. सरडे घ्यायला आलेले लोक आधी भाची बघतात, मग सरडा. घारे डोळे काय गोड आहेत गं! तू वेळेवर जेवतेस ना? जावईबापू बाळाला घेतात की नुसतेच लांबून बघतात?

फोनवर तू म्हणालीस, सगळं छान आहे. पण मागून सासूबाई बोलल्या, "आमच्यात कुणी घारं नाही, हे आलं कुठून?" माझे कान तुला माहीत आहेत.

आता ऐक. माझ्याकडच्या सरड्यांच्या हिरव्यागार जोडीच्या दोन पिल्लांवर यंदा पांढरे ठिपके उमटले. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "शेठ, मादी कुठे फिरायला गेली होती?" म्हटलं, पिंजऱ्याला कुलूप आहे, गप बस. हा रंग आईबापाच्या अंगात लपून राहतो आणि दोघांकडून आला तरच पिल्लावर दिसतो.

डोळ्यांचंही बरंचसं तसंच. आपल्याकडून आजोबांचे घारे डोळे आले. आणि तिकडून? तुझ्या लग्नात जेवताना सासूबाईंचे भाऊ सांगत होते, "आमच्या आईच्या घाऱ्या डोळ्यांना वडील टरकून असायचे."

तेव्हा भांडू नकोस. चहा देताना सहज विचार, "आई, तुमच्या आईचे डोळे कसे होते हो?" आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेव.

दुसऱ्या दिवशी ते डोळे त्यांच्याच घराण्याचे होतील. तेव्हा आपल्या आजोबांचा अर्धा वाटा मात्र सोडू नकोस.

तुझा,
सरडेवाला दादा