वेगळा ठेवलेला तवा

कोल्हापूर,
गुरुवार, दुपार

प्रिय हुसेन,

परवा सकाळी तू माझ्या उंबऱ्यावर तवा ठेवलास आणि हसत म्हणालास, "आईनं दिलाय. लगीन ठरलंय न्हवं तुझं? संसाराला लागंल म्हणाली." त्या घटकेला माझं सगळं उलटंपालटं झालं. त्याआधीचे आठ दिवस मी पेठेत छाती काढून नवरदेव म्हणून फिरत होतो. तू गेलास आणि मी तवा उचलून बघितला. राखेनं घासलेला, वर तेलाचं बोट फिरवलेलं, गंज चढू नये म्हणून.  त्या आठ दिवसांत तू दोनदा विचारलंस, "जेवायला का येत न्हाईस रं? आईशी भांडलास काय?" मी दोन्ही वेळा थाप मारली. भांडण नाही, हुसेन. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

माझी चूल पहिल्यांदा पेटली तो दिवस आठवतो का? वर्गात त्या शहाण्यानं हंबीररावांच्या चिमणाचं नाव घेतलं, "हंबीरराव तुला जावई न्हाई, जोडे सांभाळायला ठेवतील," म्हणाला, आणि मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. मास्तरांनी माफी माग म्हटल्यावर पुस्तकं बाकावर आपटून निघालो. तू मागून हाका मारत होतास. कॉलेज गेलं, त्याबरोबर बोर्डिंगचं ताटही गेलं. आकारामकाकांनी तुमच्या भिंतीला भिंत लागून ही खोली बघून दिली. शाहूवाडीकडचं पोर मी, भाताशिवाय काय करता येतंय? त्यातून डोक्यात सारखी चिमणा. रंकाळ्याच्या पायरीवर तिची परडी निसटली आणि मी फेट्यासकट पाण्यात उतरलो, तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली होती. त्या एका हसण्यावर मी सहा महिने काढले. तर त्या संध्याकाळी कांदा-बटाटा एकदमच टाकला, आणि तिचा विचार करत बसलो. धूर तुमच्या घरात गेला. तुझी आई, माझी मावशी, भिंतीपलीकडून ओरडली, "काय जाळतोस रं, घर का मन?"

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून नवा लोखंडी तवा आणला आणि तुमच्या चुलीवरच्या खुंटीला वेगळा टांगला. म्हणाली, "ह्यो तुझा. ह्यावर आमचं कायबी टाकायचं न्हाय. उद्या कुणी इचारलं, तर सांगायला तोंड ऱ्हाईल तुला." मी मोठ्यानं हसलो. मावशी, जातपात मी कधीच सोडली, असलं काहीतरी भाषण ठोकलं. महाराज कुणाच्याही हातचा चहा घेतात आणि मी कोण लागून गेलो, असंही म्हणालो. ती नुसती काचऱ्या चिरत राहिली. चौदा महिने त्या तव्यावर तिच्या हातच्या बटाट्याच्या काचऱ्या खाल्ल्या मी. करडईचं तेल, बटाटा पातळ चिरून आधी, वर पाण्याचं झाकण, आणि बटाटा निम्मा शिजला की मगच कांदा. "कांदा उतावळा असतुया, तुझ्यागत. त्याला मागनं घ्यायचा." खाली धरलेली खरपूड ती उलथण्यानं खरवडून माझ्या भाकरीवर टाकायची. तू हात पुढं केलास, की तुझ्या हातावर उलथणं बसायचं.

आता तुला जे माहीत नाही ते लिहितो. दहा दिवसांपूर्वी काका मला हंबीररावांकडं घेऊन गेले, ते तुला सांगितलं. सोप्यात काय झालं, ते सांगितलं नाही. पानसुपारी झाली, वतनाचं, शेताचं बोलणं झालं, आणि हंबीरराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पावणं, पोरगं शेजारच्या बांगडीवाल्या मणेराच्या घरात खातंय-पितंय, असं कानावर आलंय. आमच्यात ते चालायचं न्हाय." नुसतं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. काका काहीतरी सावरायला लागले होते. पण मला घाई. मी म्हणालो, "छे! त्या घरचं पाणीसुद्धा मी तोंडाला लावलेलं नाही." आणि एवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, "त्यांच्या चुलीचा वास आला तरी मला मळमळतं." हे तर मला कुणी विचारलंही नव्हतं.

आत बांगडी पिचल्याचा आवाज झाला. हंबीररावांनी माजघराकडं बघून हाक दिली, "काय गं अमीरबी, आज हात कापतोय व्हय तुझा?" हुसेन, तुझी आई आत होती. चिमणाचा हात हातात घेऊन बांगड्या भरत होती. वीस वर्षं ती त्या घरात बांगड्या भरते, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी, त्या वेळी ती तिथं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ती दारात आली. हंबीरराव म्हणाले, "तू तर ह्याची शेजारीण. हे पोरगं खरं बोलतंय का?" मी तिच्या पायांकडं बघत होतो. वर बघायची छाती झाली नाही. ती म्हणाली, "व्हय सरकार. लई सोवळं पोरगं. आमच्या सावलीलाबी उभं ऱ्हात न्हाय." हंबीरराव खूश झाले. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझं लग्न तिथं ठरलं, तुझ्या आईच्या खोट्यावर. पाटी डोक्यावर घेऊन ती निघून गेली, आणि मी गूळ खाल्ला.

तव्यानंतर काल, तू कॉलेजात असताना, मी तुमच्या घरी गेलो. पाया पडायला वाकलो, तर तिनं पाय मागं घेतले. "सोवळ्यानं शिवू नगं," म्हणाली. मग स्वतःच हसली, पण ते हसणं पुरतं वर आलं नाही. मी म्हणालो, मी जाऊन सगळं खरं सांगतो. तर म्हणाली, "गप ऱ्हा. माझं काय, धा घरं हाईत बांगड्या भरायला. त्यातलं एक गेलं तर गेलं. तुझं एकच घर हाय." हे ती रागानं बोलली असती तर मी परत फिरून गूळ पचवला असता. ती मायेनं बोलली. आणि मी रात्रभर चिमणाचा हात आठवत होतो. पिचलेल्या बांगडीनं तिच्या मनगटाला काच लागली असणार. तिनंही सगळं ऐकलं. ज्याच्याकडं बघून ती हसली, तो माणूस तिला त्या दिवशी कळला.

आज सकाळी त्या तव्यावर काचऱ्या केल्या. बटाटा आधी, कांदा मागनं. बऱ्या झाल्या. पण मी खाल्ल्या नाहीत. तशाच ताटात झाकून ठेवल्यात.

आज दुपारी हंबीररावांकडं सुपारी फुटायची आहे. काका पुढं गेलेत. मी चार माणसांच्या देखत सांगणार आहे, की चौदा महिने मी अमीरबीच्या हातचं खाल्लं, पोट भरून खाल्लं, आणि ती खोटं बोलली ती माझी अब्रू झाकायला. सुपारी फुटणार नाही, हे मला माहीत आहे. हे पत्र एवढ्यासाठीच, की ही गोष्ट तुला पेठेतून कळायच्या आधी माझ्याकडून कळावी, आणि मला लाथ घालायची असेल तर तुझा नंबर पहिला लागावा. पत्र आणि तवा तुमच्या उंबऱ्यावर ठेवून जातो. मावशीला सांग, तो आता वेगळ्या खुंटीला टांगू नको. त्यावर तुमचं रोजचं जे काय असेल ते कर. मग तिनं बोलावलं तर येईन, नाही बोलावलं तर तेही बरोबरच. ऊन कलायला लागलंय. चूल विझवली, फेटा बांधला. आता दार ओढून घेतो आणि निघतो.

अजून तुझा म्हणवून घ्यायची लाज वाटणारा, तरी तुझाच,
कृष्णात