निळ्याला कंटाळा आलाय

३ फेब्रुवारी
निळा स्वतःचीच पिसं उपटतोय! सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मूठभर पडली होती. छातीवर नखाएवढं टक्कल. हिरवी शेजारी बसून खुशाल दाणे सोलतेय — जसं काही झालंच नाही.
हे जाऊन चार महिने झाले. (अजून ‘हे’च लिहिते मी!) बदलीच्या गावाहून फोन — ‘मी आता परत येत नाही.’ बस्स. मागे ठेवलं काय, तर स्वतःची आई आणि दोन लव्हबर्ड्स.
सासूबाई म्हणाल्या, “चोच दिलीय, टोचणारच.”

५ फेब्रुवारी
पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पंख उलगडून, फुंकर मारून बघितलं. ऊ नाही, रोग नाही. म्हणाल्या, “याला कंटाळा आलाय.” मला हसूच आलं. पाखराला कसला कंटाळा? आयतं खायचं, आयतं बसायचं!
“तुम्हाला तसं बसवलं तर?”
मी हसू आवरलं.
मग त्यांनी विचारलं, “आधी यांच्याशी कोण बोलायचं?”
बोलायचे ना! ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी पिंजऱ्यापाशी. शीळ काय, गप्पा काय. ‘आज साहेब भडकला रे.’ मी शिलाई मशीनवर साडीला फॉल लावत पाठमोरी ऐकायची. साहेब भडकला, हे मला निळ्यामुळे कळायचं! माझ्या वाट्याला ‘वाढ’ आणि ‘दिवा घालव’. मला वाटायचं, आपल्यालाच बोलता येत नाही. आपल्यातच काहीतरी कमी.

८ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला उपाय — वाटीतले दाणे बंद. राळे कागदाच्या पुड्यांत बांधायचे, कणीस रोज वेगळ्या जागी टांगायचं. शोधू दे, फाडू दे, डोकं चालवू दे. मोठ्या उत्साहाने सहा पुड्या लटकवल्या — दोघं घाबरून कोपऱ्यात चिकटली! डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, “नवी वस्तू आधी पिंजऱ्याबाहेर ठेवा. दोन दिवस लांबून बघू द्या. आणि एक वाटी राहू दे, उपाशी मारू नका.”
मी या घरात आले तेव्हा मला कुणी दोन दिवस लांबून बघू दिलं नव्हतं. हे मोठ्याने बोलले. सासूबाई हसल्या. त्या हसल्या की खालचे दोन दात दिसतात, हे आजच कळलं.

११ फेब्रुवारी
हिरवीने पुडी फाडली! निळा नुसता बघत होता. पण बघत होता.

१५ फेब्रुवारी
माझ्या शहाणपणाने जीव जात होता आज.
डब्यातली रंगीत बटणं दोऱ्यात ओवून झुंबर केलं. दोन दिवस बाहेर ठेवून मग आत टांगलं. निळा लगेच खेळायला लागला. मी खूश! ब्लाउजचा गळा कापायला घेतला आणि फडफड ऐकू आली. बघते तर दोरा पायाच्या बोटाला आवळलेला, आणि हा उलटा लोंबकळतोय.
“अहो आई, धावा!”
त्यांचे हात एरवी कपाची बशी वाजवतात इतके थरथरतात. पण दोन्ही हातांत निळा धरला तेव्हा बोटसुद्धा हललं नाही. मी छोट्या कात्रीने दोरा कापला. बोट जांभळं झालं होतं. तो त्यांचा अंगठा चावत होता, रक्त आलं, तरी सोडला नाही.
नंतर त्या म्हणाल्या, “करमणूक करताना गळफास लागतो आहे का, ते बघावं माणसानं.” मी अंगठ्याला हळद लावली.

२२ फेब्रुवारी
टकलावर पिसांचे कोंब! काटेरी, पांढरे.
आता काम वाटून घेतलंय. पुड्या आई बांधतात. झाडाच्या फांद्या मी आणते — एक जाड, एक बारीक, पायाला बदल हवा म्हणून. संध्याकाळी खिडक्या लावून, पंखा बंद करून तासभर मोकळं सोडतो. ओली कोथिंबीर टांगली की दोघं तिच्यात अंग घासून आंघोळ करतात. आम्ही दोघी बघत बसतो. चौदा वर्षांत आम्ही दोघी नुसत्या बसलो कधी होतो?

२ मार्च
त्याचा फोन आला. रविवारी पक्षी न्यायला येतोय म्हणे.
पाच महिन्यांनी आठवण झाली, तीही पक्ष्यांची! आणि आईलाही नेतो म्हणाला तर? ती त्याची आई. माझं काय चालणार?

५ मार्च
आला. नवा पिंजरा घेऊन. लहान आहे. निळ्यासाठी शीळ घातली. निळा पुडी फाडण्यात गर्क.
बाहेरच्या खोलीत आईंना म्हणाला, “आई, तूही चल.” मी स्वयंपाकघरात बेसिनला धरून उभी. श्वाससुद्धा घेतला नाही.
“मी इथे बरी आहे.”
मग मी बाहेर आले. म्हटलं, “दिवसभर तुझ्या खोलीवर कोण असतं?”
‘तुझ्या’ निघून गेलं तोंडातून. त्याने चमकून बघितलं.
“कुणी नाही.”
“मग नाही देणार.”
तो पिंजरा उचलून निघाला. जिन्यावरून रिकामा पिंजरा भिंतीला आपटत गेल्याचा आवाज येत होता.

६ मार्च
सकाळी आई पुड्या बांधता बांधता म्हणाल्या, “त्याला निघून जा, मीच सांगितलं होतं.”
मी सुई तशीच धरून.
“तो पाखरांशी बोलायचा, तू मशीनशी. मी मधल्या खोलीत रोज ऐकायची. इतकी वर्षं कसंबसं सोसलं. एक दिवस म्हटलं, बोलायचंच नसेल तर मोकळं कर तिला. तुला सांगितलं नाही. वाटलं, तू मला घराबाहेर काढशील.” मग उठून उभ्या राहिल्या. “आता सांग. जाऊ?”
मी सुई कापडात खोचली. त्यांचा हात धरला.
“अगं आई, बस खाली.”