यांचे ठोके, माझा मोबाईल

सोमवार, ३ फेब्रुवारी
डॉक्टरांनी यांच्या छातीवर पट्टी चिकटवली. दोन आठवडे राहील. चक्कर येते तेव्हा ठोके कसे पडतात ते बघायचंय. पेसमेकर बसवायचा की नाही ते त्यावर ठरेल. ठोके पट्टीतून मोबाईलवर आणि तिथून दवाखान्यात जातात. यांचा मोबाईल बटणांचा, म्हणून जोडली माझ्याला. मोबाईल जवळच हवा. मी भाजीला निघाले तर हेही पिशवी घेऊन मागे! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मंडईत आले.

गुरुवार, ६
दवाखान्यातून, रेकॉर्ड बघणाऱ्या मुलीचा फोन. "काकू, संध्याकाळी मोबाईल बंद ठेवता का? काकांचे ठोके तेव्हा येत नाहीत. मागाहून सगळे एकदम येऊन पडतात."
बंद कुठला! दिवा लावला की अक्कलकोटला धाकट्या बहिणीला, नलूला फोन, हा माझा नेम. आणि यांना चक्कर येते तीही तेव्हाच, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालून उतरताना.
"मागाहून आले तर चालत नाही का?"
"रेकॉर्डला चालतं. पण ठोका चुकला तर आम्हाला तिथल्या तिथं कळायला नको का?"
हे ऐकत होते. "डॉक्टर ब्लॉक शोधतायत. ब्लॉक तुम्ही दोघी बहिणी!"
हसले मी.

शुक्रवार, ७
बंगळुरूला लेकीला विचारलं. मीनू म्हणाली, "आई, तुझ्या मोबाईलमध्ये दोन कार्डं. जुन्यावर तू बोलतेस, नव्यावर नेट. तू बोलायला लागलीस की तो दुसऱ्याला थांबवतो."
"का? जाऊ दे की दोघांना."
"आत पाठवणारं यंत्र एकच गं. आवाज उशिरा पोचला तर बोलणं तुटतं, म्हणून तो आधी. फोटो थांबतात. बाबांचे ठोकेही थांबतात. ते कुणाचे, हे मोबाईलला काय माहीत?"
"मग कोण आधी, कोण मागून, हे ठरवतं कोण?"
म्हणाली, "आम्ही. माझं कामच ते आहे."
इतकी वर्षं लोकांना सांगत आले, मोबाईलच्या कंपनीत आहे. बस्स, एवढंच.
आमच्या कॉन्व्हेंट शाळेचा दगडी जिना आठवला. प्रार्थनेनंतर सगळ्या मुली एकदम उतरत होतो, आणि वर एक छोटी बेशुद्ध पडली. सिस्टर बर्नाडेट नुसतं "वॉल!" म्हणाल्या. सगळी शाळा भिंतीला चिकटली. मधून त्या तिला उचलून घेऊन गेल्या, झग्याची सळसळ तेवढी ऐकू आली. तसा एक जिना माझ्या हातातल्या या चपट्या डबीत आहे. क्षणाक्षणाला कोणीतरी भिंतीला सरकतं. आणि त्या सिस्टरच्या जागी माझी मीनू.

शनिवार, ८
मीनूने सेटिंग बदलायला लावली, बोलताना नेटही जुन्याच कार्डावरून. आवाजाच्या मधल्या फटींतून ठोके जातील म्हणाली. नलूला फोन लावला, हे जिना चढू लागले. यांचा बटणांचा फोन वाजला, दवाखान्यातली तीच मुलगी; हा नंबर तिला देऊन ठेवला होता. "येतायत, काकू! काका जिना चढतायत का?"
"हो!" म्हणाले मी.
नलू तिकडून, "अक्का, कोण ऐकायलंय गं आपलं?"
"कोणी नाही. तुझे दाजी तुझ्या बोलण्यातल्या फटीतून चाललेत."
"काहीतरीच तुझं!"
मीनूने बजावलंय, रेंज कमी झाली की पुन्हा आवाजच आधी जाईल. म्हणून खिडकीतच बसून बोलायचं.

मंगळवार, ११
नलू नव्या सुनेच्या शेंगापोळ्यांचं सांगत होती. खुर्चीवर यांचा फोन वाजला. "काकू, ठोके लांब लांब पडतायत. काका कुठे असतील तिथं बसवा."
धावले. हे जिन्यात मध्यावर, कठडा धरून. "मला काही झालेलं नाही."
"बसा आधी!"
बसले, आणि मान माझ्या खांद्यावर कलली. क्षणभरच. उभे असते तर… खाली फरशी.
माझ्या हातातल्या मोबाईलमधून नलू ओरडत होती, "अक्का? अक्का गं?"
दोघंही पोचले होते. तिचा आवाज माझ्यापर्यंत, यांचे ठोके दवाखान्यापर्यंत. एकाच वाटेने.

रविवार, १६
डॉक्टर म्हणतात पेसमेकर. हे म्हणतात, "छातीत यंत्र नको." मीनू रोज फोन करते. तिचंही ऐकत नाहीत. गच्ची बंद केलीय, कुंड्या खाली आणल्यात. उद्या पट्टी निघणार. मग ठोका चुकला तर मला कोण सांगणार?
संध्याकाळी खिडकीत बसले. समोर हे, मोगऱ्याची वाळकी पानं खुडत. नलूला फोन लावला आणि मीच बोलेना.
"बोल की अक्का. गप्प का?"
"तू बोल. मी जरा भिंतीला सरकलेय, यांना वाट द्यायला."
यांनी वर पाहिलं. "काय म्हणते मेव्हणी?"
"विचारतेय, दाजी, पेसमेकरचं काय ठरवलं?"
हे पुन्हा पानं खुडायला लागले.