चावी समोरच्या पांढऱ्या घरात मिळेल

प्रिय ईनिडताईस,

धाकट्या विल्फ्रेडचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला आणि त्यांचा पोपट, दोघांची तब्येत कळव. (पोपट अजून भावजींसारखाच खोकतो का?) मी ठणठणीत आहे. फक्त गेल्या शनिवारी घराण्याची अब्रू जाता जाता वाचली, ते सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

आपल्या चर्चच्या दारावर बाबांच्या हातची पाटी आहे ना, ‘चावी समोरच्या पांढऱ्या घरात मिळेल’, ती वाचून एक बाई आपल्या घरी आल्या. बाहेर सायकल, भिजलेली टोपी आणि टोपीखाली मिस म्युरियल हॅडो. लडलोच्या शाळेत इतिहास शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. दर शनिवारी एक जुनं चर्च, दोन उकडलेली अंडी आणि थर्मास, असा त्यांचा नेम. त्यांनी चावी मागितली. मी खिळ्याकडे हात नेला, तर खिळा मोकळा. वीतभर लांब लोखंडी चावी, ती काय उशीखाली हरवते? घर पालथं घातलं. ‘हरवली’ म्हणायला जीभ रेटेना (बाबांची तसबीर समोरच). शेवटी घसा साफ करून म्हणालो, की जाणकार माणसं आमचं चर्च आधी बाहेरून बघतात.

मग काय विचारतेस. चर्चभोवती चार फेऱ्या झाल्या. पहिलीत मी पन्हाळीची राक्षसतोंडं दाखवली, दुसरीत तीच तोंडं उलट्या बाजूने. तिसरीत माहिती संपली म्हणून थडगी वाचायला घेतली. बाई प्रत्येक दगडापाशी थांबून ‘यांना काय झालं होतं?’ विचारत, आणि मी ठोकून देत होतो. आपली हेप्झिबा आत्या (जी नव्वदाव्या वर्षी खुर्चीत झोपेत गेली) माझ्या थापांत चाच्यांच्या हातून मारली गेली आहे, कोणी विचारलं तर सांभाळून घे. चौथ्या फेरीला पुन्हा पाऊस आला. डुकरं पाळणारा हॉबडे कुंपणावर रेलून बघतच होता. म्हणाला, “विल्फ्रेड, दार या बाजूला आहे बरं का. म्हटलं, विसरला असशील.”

त्याचं तोंड बंद करायला मी बाईंना त्याच्याच डुकरांच्या खोपटात नेलं. जुना मठ पाडला तेव्हा त्याचे दगड गावाने घरोघरी पळवले, त्यातली एक नक्षीदार खिडकी तिथे अजून आहे. बाईंनी चिखलात गुडघे टेकले, कमानीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “तेरावं शतक. आणि ही डुकरीण केवढी सुखात आहे हो.” दोन अंड्यांतलं एक त्यांनी मला दिलं. ताई, किती वर्षं मी एकटा जेवतो आहे, आणि ते अंडं मला फार गोड लागलं. निघताना म्हणाल्या, आत बघायचं राहिलंच, पुढच्या शनिवारी यावं लागणार. तर मुद्दा असा, की ईस्टरला तू आली होतीस, तेव्हा चावी चुकून तुझ्या पिशवीत गेली नाही ना? बघ.

तुझा,
विल्फ्रेड

ता. क. चावी सापडली. पावाच्या डब्यात होती. ती मी परत पावाच्या डब्यातच ठेवली आहे. एकदा दार उघडलं की आमचं चर्च बघून संपलं, आणि बाईंच्या यादीत अजून तीनशे आहेत. तेव्हा ‘चावी माझ्याकडे आहे, गुडघा बरा झाला की आणून देईन’ असं एक पत्र लिही, म्हणजे ते मला सहज टेबलावर पडलेलं ठेवता येईल. गुडघ्याची घाई करू नकोस.

आणखी एक ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि शनिवार आला. बाई आल्या. (या खेपेला अंडी चार.) बोलता बोलता म्हणाल्या, “तिसऱ्या बाकावर कोरलेलं ते घुबड अगदी तुमच्यासारखं बघतं.” बाक आत आहेत, ताई. चर्चचं मागचं छोटं दार मी कधीच लावत नाही, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्या दिवशी माझ्याकडे येण्याआधीच त्या आत जाऊन आल्या होत्या. मग चावी कशाला मागितलीत, म्हटलं. अंडं सोलत म्हणाल्या, “पांढरं घर बघायचं राहिलं होतं. आणि मग तुम्ही इतकं मन लावून थापा मारायला लागलात, की अडवावंसं वाटेना.”

तेव्हा ते खोटं पत्र लिहू नकोस. मी अजून काही विचारलेलं नाही, पण पाचवी फेरी शनिवारी आहे. गुडघा तेवढा लवकर बरा कर. जूनमध्ये कदाचित फुलं लावून मोठं दार उघडावं लागेल, आणि चावी तुझ्या हातात द्यायची आहे.