सुशीलाआत्या, तुझी कॉपी झाली

श्रीरामपूर,
रविवार दुपार

प्रिय आत्या,

आज तुझी कॉपी झाली. खरी कॉपी. तू गेल्यावर! हे कुणाला सांगावं ते सुचेना, म्हणून तुलाच लिहायला बसलोय. 'झाली का रं?' असं विचारणारी तू एकटीच होतीस, आणि तुला खरं उत्तर द्यायचं सोडून मी जे जे केलं ते आठवलं की घास खाली उतरत नाही.

माझा कॉम्प्युटर क्लास आज बंद आहे. रविवारी याच वेळेला चर्च सुटलं की तू नेवासा रोडनं चालत यायचीस, जिना चढायचीस आणि दाराबाहेर चपला काढून ठेवायचीस. चपला काढायचा नियम माझाच, मशीनला धूळ लागू नये म्हणून. मुलं तो शंभरदा मोडायची. तू मात्र चर्चमध्ये शिरताना काढाव्यात तितक्याच श्रद्धेनं काढायचीस. मला हसू यायचं. आता येत नाही.

कोपऱ्यातल्या एकाच मशीनला सीडीचा ड्राइव्ह आणि स्पीकर होते. त्याच्यापुढच्या खुर्चीत तू अंग चोरून बसायचीस आणि पिशवीतून रुमालात गुंडाळलेली ती सीडी काढायचीस. तिच्यावर तुझ्या यजमानांचा, आमच्या शांतवन मामांचा आवाज. मामा गेल्यावर त्यांच्या भजनांची एकुलती एक कॅसेट तू वाजवून वाजवून झिजवलीस. मग तुझ्या रूथच्या नवऱ्यानं नाशकात ऑफिसातल्या कुणाकडून तरी तिची सीडी करून घेतली. त्या खटाटोपात कॅसेटची टेप जी गुंडाळली ती कामातून गेली. राहिली ती ही एक सीडी, आणि ती वाजवायला तुझ्या बेलापूरच्या घरात काहीच नव्हतं. नवऱ्याचा आवाज ऐकायला तुला भाच्याच्या क्लासात यावं लागायचं.

आणि भाचा कोण? तर घराण्यातला पहिला कॉम्प्युटरवाला! अख्ख्या बेलापुरात तू माझी दवंडी पिटली होतीस.

"सुधीर, ही येकच हाय रं," तू एका रविवारी म्हणालीस. "रूथ मागती, तिला देती. पप्पांचा आवाज हाय, तिचा बी हक्क हायच की. पन आदी हिची दुसरी करून तुज्याकडं ठीव."

बस्स, एवढंच तर सांगितलं होतंस! माझ्यासारख्याला हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ. क्लासात दोनचार मुलं सराव करत बसली होती, त्यांच्यापुढे भाव खायची संधी मी कशी सोडीन? माउस काय, कुणीही हलवतं. मी काळा स्क्रीन उघडला आणि डॉसची आज्ञा हातानं टाइप केली. आधी कॉपी, मग सीडीचा ड्राइव्ह, मग फ्लॉपीचा. एंटर! ओळी सरसर खाली आल्या. जितकी गाणी तितक्या फाइली, आणि शेवटी सगळ्या कॉपी झाल्याची ओळ.

"झालं? यवढ्यात?" तू म्हणालीस. "त्यांला तर म्हनायला सबंद दुपार लागली हुती!"

मी हसलो गं. सगळी भजनं एका फ्लॉपीत मावली आणि फ्लॉपी तरी जवळजवळ रिकामीच, यात काहीतरी चुकतंय एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. उलट खातरी म्हणून फ्लॉपीवरच्या फाइलीवर क्लिक केलं, तर मामांचा आवाज खणखणीत! तू पदरानं डोळे पुसलेस. माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडलीस.

सीडी तेव्हा ड्राइव्हमध्येच होती, आत्या.

त्या फाइलींमध्ये गाणं नसतंच. तबकडीवर अमुक गाणं इथं सुरू होतं नि इतका वेळ चालतं, एवढाच पत्ता त्यात असतो. मशीननं फ्लॉपीवरचा पत्ता वाचला आणि गाणं सीडीवरूनच वाजवलं. मी घराचा पत्ता लिहून घेतला आणि घरच उचलून आणल्यासारखा मिरवलो. सीडी काढून एकदा, फक्त एकदा बघायचं होतं!

रूथताई सीडी घेऊन नाशकाला गेली. तिच्या धाकटीनं ती उन्हात धरून भिंतीवर कवडसे पाडले, मग फरशीवर चाकासारखी पळवली. ओरखडेच ओरखडे. सीडी वाजेना. रूथताईनं रडत रडत तुला फोन केला, तर तूच तिची समजूत घातलीस. "पोरीला मारू नगं. आपल्या सुधीरकडं हाय ना कॉपी."

आणि त्या रविवारी तू आलीस. चपला काढल्यास, खुर्चीत बसलीस. मी ऐटीत फ्लॉपी घातली. क्लिक केलं. मशीन म्हणालं, सीडी घाला.

पुन्हा क्लिक केलं. पुन्हा तेच. फाइली किती मोठ्या आहेत ते बघितलं आणि सगळं लख्ख कळलं. तू शेजारी बसून विचारत होतीस, "काय म्हनतंय?" आणि मी तुझ्याकडे न बघता म्हणालो, "आत्या, स्पीकर बिघडलाय."

का म्हणालो? तू मला मारणार होतीस? लहानपणी तुझ्या लोणच्याची बरणी फोडली तेव्हासुद्धा तू आधी माझा पाय कापला का ते बघितलंस. तुझी भीती नव्हतीच. भीती होती ती माझ्या मोठेपणाची. दारावर पाटी, भिंतीवर सर्टिफिकेट, आणि साधी कॉपी करता येत नाही!

मग काय, एक लपवायला दुसरं. पुढच्या रविवारी स्पीकरची वायर. त्याच्या पुढे नगरहून येणारा माणूस आला नाही. तो माणूस अजून जन्मालाच यायचाय. आणि तू प्रत्येक वेळी, "बरं, पुढच्या खेपंला," म्हणून पिशवीतली शेंगदाण्याची चटणी टेबलावर ठेवून जायचीस. ती चटणी मी भाकरीबरोबर खातही होतो, आत्या. कशी गोड लागायची?

पण तू त्यावर कडी केलीस! चर्चमध्ये प्रार्थनेच्या विनंत्या मागतात, कुणाच्या आजारासाठी, कुणाच्या नोकरीसाठी, तेव्हा तू उभी राहिलीस. "आमच्या सुधीरच्या क्लासातला स्पीकर बिघडलाय, त्यासाठी मंडळीनं प्रार्थना करावी." पाळकसाहेबांनी क्षणभर चष्म्यावरून बघितलं. मग डोळे मिटून त्यांनी खरंच त्या स्पीकरसाठी प्रार्थना केली. सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली. मी तिसऱ्या बाकावर होतो. मीही म्हणालो!

एवढा विश्वास कशाला ठेवलास गं? तुझाही थोडा दोष आहेच, मला आज म्हणू दे. एकदा तरी कान धरून विचारायचंस, 'खरं सांग भाड्या, काय केलंस?' मी तिथल्या तिथं सांगून टाकलं असतं. तू रागवायचीच नाहीस. तुझ्या न रागावण्यानं मला पळायला वाट मिळत गेली.

आणि खरं सांगू? उपाय माझ्या टेबलाच्या खणातच पडला होता. एका मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या सिस्टिमची सीडी फुकट आली होती. तिच्यात एक प्रोग्रॅम होता, खराब सीडीतून गाणी वाचून काढणारा. तोही काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप करूनच चालवायचा. एका मित्राची ओरखडलेली सिनेमाच्या गाण्यांची सीडी मी त्यानं उतरवलीसुद्धा होती, तुला थापा मारत होतो त्याच दिवसांत! मामांसाठी तो चालवायचा तर रूथताईकडून सीडी मागायला हवी होती. सीडी मागायची म्हणजे माझ्याकडे कॉपी नाही हे सांगायला हवं होतं. तेवढं एक वाक्य माझ्यानं बोलवलं नाही. तेवढ्यासाठी तुझे रविवार कोरडे गेले.

मग तो बुधवार. तू बाजाराला आलीस म्हणून सहज डोकावलीस, आणि क्लासात तीच सिनेमाची गाणी दणदणीत वाजत होती. तू दारात उभी.

"झाला म्हन की नीट!" तुझा चेहरा असा फुलला होता!

मी घाईनं आवाज बंद केला. "आत्ताच झाला आत्या, पण... आता ड्राइव्ह गेलाय."

तू माझ्याकडे बघितलंस. थोडा वेळ बघतच राहिलीस. मग म्हणालीस, "बरं." चपला घातल्यास आणि जिन्याचा कठडा धरून हळूहळू उतरलीस. त्या दिवशी तुला कळलं का गं? कळलं असेल तर बोलली का नाहीस? आणि नसेल कळलं, तर त्यानंतर एकाही रविवारी तू 'झाली का?' म्हणून का विचारलं नाहीस? चर्चबाहेर भेटायचीस, जेवलास का विचारायचीस, चटणी द्यायचीस. सीडीचं नाव नाही. मी मात्र मनातल्या मनात सुटलो म्हणत होतो. लाज वाटते लिहायला.

पुढच्या महिन्यात नीट बघू, असं मी ठरवत होतो. तू महिन्याची वाट बघितली नाहीस. सकाळी चहा ठेवायला उठलीस आणि चुलीपाशीच बसलीस, एवढंच शेजारणीनं सांगितलं.

तुला माती देऊन घरी आल्यावर रूथताई म्हणाली, "सुधीर, आईच्या प्रार्थनेला पप्पांची भजनं लावू या. तुझ्याकडं आहेत ना?" घर माणसांनी भरलेलं. मी तिला मागच्या अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं. फ्लॉपी, स्पीकर, आमेन, सगळं. ती न रडता ऐकत राहिली. मला वाटलं, आता ही मला हाकलून देणार.

"मग मला का न्हाई मागितलीस?" ती म्हणाली. "माझ्याकडं आहे की ती. वाजत नसली म्हणून काय झालं? पप्पांचं नाव आहे तिच्यावर, मी टाकीन होय?"

होती, आत्या! सगळा वेळ होती. एका फोनच्या अंतरावर.

ती नाशकाहून सीडी घेऊन आली. साबणाच्या पाण्यानं धुऊन, मधून कडेकडे पुसून मी ती ड्राइव्हमध्ये घातली. हार्डडिस्कवर जागा व्हावी म्हणून मुलांचे सगळे गेम उडवले. आज्ञा टाइप केली. त्या प्रोग्रॅममध्ये एक गंमत आहे. काम चालू असताना तो टिंबांचा आणि कंसाचा छोटासा चेहरा दाखवतो. वाचता आलं की चेहरा हसतो, ओरखडा लागला की तोंड पाडतो, आणि तीच जागा परत परत वाचत राहतो. रूथताई त्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसली होती. एका ओरखड्यापाशी तो इतका वेळ अडला की ती पुटपुटायला लागली. मी विचारलं नाही कशासाठी प्रार्थना करतेस. मध्येच लाइट गेली आणि पुन्हा पहिल्यापासून! मला चिडायचा काय अधिकार? मुकाट्यानं पुन्हा आज्ञा दिली.

सगळी गाणी उतरली. एका कडव्यात मामांना उचकी लागल्यासारखी होते, तेवढं राहिलं. मग हार्डडिस्क काढून टॉवेलात गुंडाळली, जेवणाच्या डब्यात घातली आणि मांडीवर घेऊन एसटीनं नगरला गेलो. तिथल्या एका ओळखीच्याकडे सीडी लिहायचं मशीन आहे. दोन कोऱ्या सीड्या लिहून आणल्या.

आज रूथताईला बोलावलं. जुनी सीडी तिच्या पर्समध्ये ठेवायला लावली आणि पर्स जिन्यात नेऊन ठेवली, इतका माझा माझ्यावर विश्वास उरलेला नाही. मग नवी सीडी लावली.

मामांनी घसा खाकरला. पेटीचा भाता हलला. आणि भजनाला हात घालायच्या आधी ते म्हणाले, "सुशीला, ऐकतीस ना गं?"

मग टेपवर जराशी शांतता आहे. कॅसेट भरताना तू समोरच बसली असशील, नुसती मान हलवली असशील. पण इथं, या खुर्चीत, तू दर वेळी पदर सारखा करून मोठ्यानं उत्तर द्यायचीस, "ऐकती की. म्हना तुमी." मुलं तोंड दाबून हसायची, तुला त्याचं काही नसायचं. आणि बरोबर तुझं बोलून झालं की मामा गायला लागायचे.

आज ती शांतता तशीच गेली. मामांनी विचारलं, थोडं थांबले, आणि कुणी काही न बोलताच गायला लागले. रूथताईनं तोंडाला पदर लावला. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो, मला तो काढताच येईना.

माफी मागू कशी? आणि मागून तू दिलीस तरी मला ऐकू कशी येणार?

पुढच्या रविवारी चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना आहे. तुला एक वचन देतो. शेवटच्या दिवसांत तुला मामांचा आवाज का ऐकायला मिळाला नाही, ते आधी मी सगळ्या मंडळीपुढे उभा राहून सांगेन, एक अक्षर न गाळता. मग सीडी लावीन. मामा विचारतील तेव्हा उत्तर रूथताई देईल. तिला तसं सांगून ठेवलंय. मी देणार नाही, आत्या. मला ते शोभायचं नाही.

तुझा अपराधी भाचा,
सुधीर