कापलेल्या पट्टीतलं बोट

प्रिय आई,

अक्षर बघून हसू नकोस, माझंच आहे. दुपारच्या सुट्टीत जिन्याखाली बसून लिहितेय. बाळ मांडीवर झोपलंय, म्हणून ओळी वाकड्या जातायत. त्याला दोन दात आलेत. चावतो मेला.

मला संग्रहालयात झाडलोटीचं काम लागलंय. आपला देश ज्यांनी उभा केला त्या थोरल्या साहेबांच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन पुढच्या सोमवारी उघडणार आहे. भिंतभर तेच. तुरुंगाच्या दारात, पहिल्या झेंड्याखाली, एका ठिकाणी तर जोडा काढून खडा झटकताना. काचा पुसून पुसून मला ते घरातलेच वाटायला लागलेत. 'सरका जरा,' म्हणते त्यांना.

इथल्या लोकांनी काय केलं माहितीये? आधी चौकटी आणल्या, सगळ्या एका मापाच्या. फोटो निघाले मोठे. मग फोटोवाला बसला कडा कापत. खाली पडलेल्या पट्ट्या गोळा करणं माझ्याकडे. काल एक पट्टी उचलली आणि उजेडात धरून पाहिली. तिच्यात नुसता एक हात होता, वर केलेला, आणि पहिलं बोट मधूनच वाकडं. ते बोट मी ओळखणार नाही? तू वेणी घालताना माझे केस त्यातच अडकायचे.

पट्टी घेऊन चौकटी बघत सुटले. सापडली. इस्पितळातला मुलांचा वॉर्ड. थोरले साहेब मान खाली घालून उभे. समोर तू, तुझ्या कडेवर मी, नाक वाहतंय. तुझा हात मात्र कोपरापासून गायब. खाली पाटी लावलीये, 'दुःखी मातेच्या व्यथेने गहिवरलेले राष्ट्रनेते.'

दुःखी माता म्हणे! तू तर त्यांना झापत होतीस. तीन दिवस वॉर्डातला नळ कोरडा, आणि साहेब येणार म्हटल्यावर सकाळी धो धो पाणी. तू बोट नाचवून विचारलंस, 'आज तुमच्यासाठी पाणी आलं. उद्या आमच्या पोरांनी काय तुमचा फोटो प्यायचा?' आणि ते म्हणाले, 'चुकलं माझं, बाई.' आठवड्यात पंप बसला. शंभरदा सांगितलंस. मला पाठ आहे.

पाठ होतं, पण खरं वाटत नव्हतं. माझ्या लग्नात सासरच्या माणसांपुढे तू हेच सांगायला लागलीस आणि मला लाज वाटली. मी हसून म्हटलं, 'आईचं मनावर घेऊ नका, थापा मारायची सवय आहे तिला.' सगळे हसले. तू पाण्याचा पेला खाली ठेवलास. दोन वर्षं झाली, तू माझ्या दारात आली नाहीस. बाळ झालं तेव्हासुद्धा.

पट्टी माझ्या पिशवीत आहे. इथला कागदाचा कपटाही बाहेर न्यायचा नाही असा मुकादमाचा दम आहे. गेल्या महिन्यात उलट बोलली म्हणून एकीला त्याने घरी बसवलं. बाळाला घेऊन येऊ देतील असं दुसरं काम मला कोण देणार?

तरी उद्या सकाळी मी प्रदर्शनाच्या मोठ्या बाईंकडे जाणार आहे, बाळाला कडेवर घेऊन. पट्टी टेबलावर ठेवून सांगणार, ही माझी आई. ती रडत नव्हती, जाब विचारत होती. साहेब ऐकून घेत होते, म्हणून तर ते मोठे. हात परत जोडा, पाटी बदला. कामावरून काढलं तर काढू देत. हे पत्र शेजारच्या ड्रायव्हरदादांच्या हाती देतेय, रविवारी त्यांच्याच गाडीत बसून ये. सोमवारी पाटी तीच असली, तर आपण दोघी तिच्यासमोर उभ्या राहू. लग्नात मी बोलले ते सगळ्यांदेखत बोलले, माफीही सगळ्यांदेखत मागेन. तू फक्त ते बोट वर कर. आधी माझ्यावर उगार, मग ह्या पाटी लावणाऱ्यांवर.

तुझीच,
कडेवरची